एआयसी, बीआयसी की आर-स्क्वेअर? ६० प्लॉट, नऊ घटक आणि एकरी टनेजचं रिग्रेशन

प्रश्न थोडक्यात असा: विचारणारे बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी भागातल्या एका साखर कारखान्याच्या शेतकी विभागात आहेत आणि नोकरी सांभाळून एम.एस्सी.चा प्रकल्प करतायत. चिकोडी आणि अथणी तालुक्यातली तीन-तीन गावं, २०१८-१९ आणि २०१९-२० असे दोन गाळप हंगाम, मिळून ६० प्लॉट. एकरी टनेजचा अंदाज सप्टेंबरात, म्हणजे बॉयलर पेटायच्या आधी द्यायचा आहे, तोही रिग्रेशननं, म्हणजे घटकांवरून टनेज सांगणाऱ्या समीकरणानं. घटक नऊ: लागण की खोडवा, १ सप्टेंबरला उसाचं वय, नत्र, स्फुरद, पालाश, पाण्याच्या पाळ्या, मीटरमागे गाळपायोग्य उसांची संख्या, सेंद्रिय कर्ब आणि तालुक्याचा पाऊस. मॉडेल निवडायच्या निकषांपैकी एआयसी एक मॉडेल निवडतो, बीआयसी दुसरं (दोन्हीत आकडा कमी तो चांगला), अ‍ॅडजस्टेड आर-स्क्वेअर तिसरंच. गाईड म्हणतात, पी-व्हॅल्यू (घटकाचा परिणाम नसतानाही निव्वळ योगायोगानं एवढा परिणाम दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या आतले घटक ठेवा, बाकी काढा. शिवाय पावसाचा गुणक, म्हणजे पाऊस एकानं वाढला की टनेज किती बदलतं तो आकडा, उणे येतोय. मग निकष कोणता धरायचा?

तुमच्याच आउटपुटमधली दोन मॉडेल घेऊ, म्हणजे भांडण किती मोठं आहे ते कळेल. पहिल्यात तीन घटक आहेत: लागण-खोडवा, वय, ऊससंख्या. चुकांच्या वर्गांची (प्रत्येक चुकीला तिनंच गुणून) बेरीज १५००. दुसऱ्यात त्याच तिघांत सेंद्रिय कर्ब आणि पाऊस घातलाय, बेरीज १४००. साध्या रिग्रेशनमध्ये एआयसी काढायचा म्हणजे ही बेरीज प्लॉटसंख्येनं भागायची, त्याचा नैसर्गिक लॉग घ्यायचा, प्लॉटसंख्येनं गुणायचा आणि दर गुणकामागे २ चा दंड चढवायचा. पहिल्याचा लॉगचा भाग १९३.१, दुसऱ्याचा १८९.०. फरक ४.१. दोन जादा गुणकांचा दंड ४. म्हणजे दुसरं मॉडेल जिंकलं, पण किती फरकानं? ०.१ नं. बीआयसीत दर गुणकामागे दंड असतो प्लॉटसंख्येच्या लॉगइतका. ६० चा लॉग ४.०९, दोन गुणकांचे ८.२. तिथं पहिलं मॉडेल ४ नं पुढे. लहान नमुन्यासाठी एआयसीची जी दुरुस्त आवृत्ती आहे, एआयसीसी, तिनं मोजलं तर पहिलंच मॉडेल ०.९ नं पुढे येतं. प्लॉट भागिले गुणक हा आकडा ४० च्या खाली असेल तर हीच आवृत्ती वापरायची असा प्रघात आहे, आणि तुमचा तर १२ च्या आसपासच आहे. तेव्हा साधा एआयसी आधीच बाजूला ठेवा.

आता हेच टनात बघा. पहिल्या मॉडेलची प्रमाण चूक १५०० भागिले ५६, त्याचं वर्गमूळ, ५.१८ टन. दुसऱ्याची १४०० भागिले ५४ चं वर्गमूळ, ५.०९ टन. एकरी नव्वद किलोचाही फरक नाही. काही मोळ्या इकडे-तिकडे झाल्या तरी तेवढं वजन होतं. निकषांचं एकमत होत नाही याचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच असतो की दोन्ही मॉडेल सारखीच आहेत आणि निकाल निकषाच्या स्वभावावर गेलाय. अशा वेळी ‘बरोबर निकष कोणता’ यावर रात्री जागवण्यात अर्थ नाही.

तरी स्वभाव माहीत असलेला बरा. आर-स्क्वेअर म्हणजे टनेजमधल्या चढउताराचा किती हिस्सा मॉडेलला पकडता आला तो आकडा. त्याबद्दल एकच सांगतो: घटक वाढवला की तो कमी कधीच होत नाही, म्हणून कमी-जास्त घटकांच्या मॉडेलांत त्यावरून निवड करता येत नाही. अ‍ॅडजस्टेड आर-स्क्वेअर दंड लावतो, पण फार हलका. नव्या घटकाचा टी (गुणक त्याच्या स्वतःच्या प्रमाण चुकीच्या किती पट आहे तो आकडा) १ च्या वर गेला की तो वाढतो, बस. एआयसीला सुमारे १.४ लागतो, म्हणजे पी-व्हॅल्यू साधारण ०.१६. बीआयसीला ६० प्लॉटवर सुमारे २ लागतो, आणि इथं गंमत बघा, तुमच्या गाईडचा ०.०५ चा नियमही जवळपास तेवढाच आहे. तुमच्या नमुन्यावर गाईड आणि बीआयसी एकाच बाजूला आहेत! प्लॉट १००० असते तर बीआयसीनं २.६ मागितले असते आणि दोघांची फारकत झाली असती. मॅलोजचा सीपी हा आणखी एक निकष, १९७३ चा, साध्या रिग्रेशनमध्ये एआयसीच्याच वाटेनं चालतो, तो वेगळा काढून कोष्टक लांबवू नका.

आकाईके यांनी १९७३-७४ मध्ये एआयसी मांडला तो भाकिताच्या प्रश्नासाठी: नव्या माहितीवर कमीत कमी कोण चुकेल? श्वार्ट्झ यांचा १९७८ चा बीआयसी विचारतो की यादीतलं खरं मॉडेल कोणतं असण्याची शक्यता जास्त. नमुना वाढत गेला आणि खरं मॉडेल यादीत असलं, तर बीआयसी ते गाठतो. पण उसाच्या टनेजचं खरं मॉडेल तुमच्या यादीत आहे का? हुमणी लागली होती की नाही हा रकानाच नाही. बेणं कुठलं, लागण सरी सोडून केली की पट्टा पद्धतीनं, तेही नाही. कारखान्याला हवंय भाकीत. म्हणून या दोघांतून निवडायचाच तर कारखान्याच्या कामासाठी मी एआयसीसीकडे झुकेन. पण मी दोघांवरही थांबणार नाही, कारण या सगळ्या निकषांनी एक गोष्ट गृहीत धरलीय जी तुमच्या फाइलीत नाही: साठच्या साठ ओळी एकमेकींपासून स्वतंत्र असणं.

पावसाचाच रकाना उघडा. तालुक्याचा पाऊस आहे, तालुके दोन, हंगाम दोन. म्हणजे साठ ओळींत आकडे फक्त चार आहेत, तेच पुन:पुन्हा आलेत. कॉम्प्युटरला वाटतं, पावसाबद्दल साठ ठिकाणची साक्ष मिळाली. साक्षीदार चारच. आणि त्या चारांतले २०१९ चे दोन कसले, तर त्या ऑगस्टात कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा पात्र सोडून बाहेर आलेल्या. चिकोडी, निपाणी, अथणीची नदीकाठची शेतं पाण्याखाली गेली. ज्या हंगामात पाऊस जास्त त्याच हंगामात ऊस कुजला, आडवा पडला, टनेज घटलं. तेव्हा तुमचा उणे गुणक पावसाचा नाहीच, तो पुराचा आहे. हेच मॉडेल उद्या दुष्काळी साली चालवलंत तर ते खुशाल सांगेल की पाऊस कमी, सबब टनेज भरघोस. अथणीचा शेतकरी ते ऐकून काय म्हणेल ते इथं लिहिता येत नाही.

म्हणून पाऊस काढाच, आणि तो कुठल्या निकषाला विचारून काढू नका. त्याऐवजी ‘प्लॉट पुराच्या पाण्याखाली होता का, आणि किती दिवस’ असा रकाना कारखान्याच्या गटप्रमुखांना विचारून भरा. प्लॉटपातळीवरची माहिती ती. पूरग्रस्त प्लॉट मात्र गुपचूप वगळू नका. वगळायचे तर अहवालात स्पष्ट लिहा की हे मॉडेल बिनपुराच्या सालासाठी आहे.

खतांचंही असंच आहे. स्फुरद आणि पालाश हे दोन रकाने शेजारी ठेवून बघा. आपल्याकडे बहुतेक जण १०:२६:२६ टाकतात. ५० किलोच्या पोत्यात नत्र ५ किलो, स्फुरद १३, पालाशही १३. ज्यानं दुसरं कुठलं स्फुरद-पालाश दिलं नाही त्याचे दोन्ही आकडे एकच येणार. तुमच्या ६० पैकी बरेच जण तसे असतील तर दोन गुणक वेगळे काढणं कुणालाच जमणार नाही. एक भरमसाठ अधिक येईल, दुसरा भरमसाठ उणे, आणि स्टेपवाइज (एकेक घटक आपोआप घालत-काढत मॉडेल निवडणारी पद्धत) त्यातला कुठला ठेवेल ते एखाद-दुसऱ्या प्लॉटवर ठरेल. व्हीआयएफ, म्हणजे एक घटक बाकीच्यांशी किती गुंतलाय ते सांगणारा आकडा, काढा, तो आभाळाला भिडलेला दिसेल. यावर उपाय निकष बदलण्याचा नाही. दोघांच्या जागी ‘१०:२६:२६ ची पोती’ असा एक रकाना करा, नत्रासाठी युरिया वेगळा धरा. शेतकऱ्यानं निर्णय पोत्यांत घेतलाय, तर घटकही पोत्यांतच असू द्या. रिज आणि लासो या गुणकांना आवळून लहान ठेवणाऱ्या पद्धती आहेतच, पण पोती मोजून काम होत असेल तर त्या वाटेला जायची गरज नाही.

पाण्याच्या पाळ्यांच्या रकान्यात तुमच्याकडे अकरा जागा कोऱ्या आहेत. अ‍ॅडजस्टेड आर-स्क्वेअरनं निवडलेल्या तिसऱ्या मॉडेलात पाळ्या आहेत, म्हणजे ते ४९ ओळींवर चाललंय. सॉफ्टवेअर कोऱ्या ओळी मुकाट्यानं टाकून देतं. ४९ ओळींचा एआयसी किंवा आर-स्क्वेअर आणि ६० ओळींचा, यांची तुलनाच होत नाही, कारण एआयसी ओळींच्या बेरजेतूनच येतो. तिसरं मॉडेल स्पर्धेत धरूच नका. तुलना करायची तर सगळी मॉडेल त्याच ४९ ओळींवर पुन्हा चालवा. टनेज एका मॉडेलात तसंच आणि दुसऱ्यात लॉग घेऊन, अशी तुलनाही थेट एआयसीनं करू नका. भाकितं परत टनात आणून चुका मोजा. आणि अकरा जागा कोऱ्या का राहिल्या तेही बघा. नदीवरून लिफ्टनं पाणी घेणारे पाळ्या मोजत नाहीत, वीज आली की सोडतात. म्हणजे कोरेपणा यदृच्छेनं आलेला नाही, तो नदीकाठच्या शेतांकडे बोट दाखवतो.

आता मुख्य काम. तुमचं मॉडेल उद्या कुठं वापरलं जाणार? ज्या गावांत तुम्ही गेलाच नाहीत तिथं. मग परीक्षाही तशीच घ्या. एक गाव पूर्ण बाजूला ठेवा, उरलेल्या पाच गावांवर मॉडेल बसवा, बाजूच्या गावाचं टनेज त्याला सांगायला लावा आणि वजनकाट्यावरच्या आकड्याशी ताडा. सहाही गावांची पाळी येऊ द्या. एकेक प्लॉट बाजूला काढायची पद्धत सोपी आहे, पुन्हा मॉडेल बसवावंही लागत नाही: प्रत्येक प्लॉटची चूक घ्यायची आणि १ वजा त्याचं लिव्हरेज (तो प्लॉट मॉडेलला स्वतःकडे किती ओढतो त्याचा आकडा), यानं भागायची. चूक ४ टन आणि लिव्हरेज ०.५ असेल तर खरी चूक ८ टन. त्याच्या वर्गांची बेरीज म्हणजे प्रेस, अ‍ॅलन यांचा १९७४ चा निकष. हा आकडा जरूर काढा, पुराचे प्लॉट त्यात लगेच उघडे पडतील. पण निवडीसाठी त्यावर विसंबू नका, कारण एक प्लॉट काढला तरी त्याच बांधावरचा दुसरा आतच राहतो. तीच माती, तोच ओढा, कधीकधी मालकही तोच. स्टोन यांनी १९७७ मध्ये दाखवून दिलंय की मोठ्या नमुन्यात ही पद्धत आणि एआयसी एकाच ठिकाणी पोचतात. एआयसीत जी अडचण तीच इथंही.

गावागणिक चुका आल्या की सरासरी काढाच, पण सहाही आकडे कोष्टकात वेगळे दाखवा. पाच गावांत ५ टन आणि सहाव्यात ११ असेल तर सरासरीनं ते झाकलं जातं. कमीत कमी चुकीच्या मॉडेलच्या एका प्रमाण चुकीच्या (इथं ती सहा गावांच्या चुकांच्या सरासरीची, वरची ५.१८ टनांची नव्हे) आत जेवढी मॉडेल येतील त्यातलं सगळ्यांत कमी घटकांचं घ्या. माझा अंदाज विचाराल तर तीन घटकांचं मॉडेल आणि वर पुराचा रकाना, इथंच तुम्ही येऊन थांबाल. सेंद्रिय कर्बासाठी माती परीक्षेचा खर्च प्लॉटमागे करायचा आणि बदल्यात मिळणार ते नव्वद किलोसुद्धा नाहीत, हा हिशेब व्यवस्थापनाला एका वाक्यात पटतो.

सालाचं काय? पुढच्या हंगामासाठी भाकीत करायचं तर परीक्षा सालागणिक हवी. तुमच्याकडे सालं दोनच, त्यातलं एक पुराचं. २०१८-१९ वर बसवून २०१९-२० वर तपासा, मग उलट करा, आणि दोन्ही आकडे अहवालात द्या. ते वाईटच येतील. कुठलाही निकष दोन सालांतून तिसऱ्या सालाची खात्री काढून देऊ शकत नाही, आणि शेतकी अधिकाऱ्यांना हे आधीच सांगितलेलं बरं. नंतर ऊसतोडीच्या टोळ्या कमी पडल्या की ते तुम्हालाच विचारतील.

मॉडेल आपसांत भिडवून झाली की त्यांना बाहेरच्या पैलवानाशी लावा. तुमचे गटप्रमुख आणि स्लिपबॉय (तोडणीच्या स्लिपा देणारे) दरसाल फडात उभं राहून नजरअंदाज सांगतातच. त्यांचे सप्टेंबरचे आकडे नोंदवहीत असतील. त्यांची चूक किती टन येते ते त्याच ६० प्लॉटवर काढा. गेल्या हंगामाची गावाची सरासरी हाही एक साधा प्रतिस्पर्धी. तुमचं मॉडेल ५ टन चुकतंय आणि पंचवीस वर्षं फड तुडवलेला माणूस ४ टन, तर कारखान्याला मॉडेल नकोय. दोघं सारखेच चुकत असतील तर त्यांचा अंदाजच एक घटक म्हणून मॉडेलात घालून बघा. असं करायला शिकलेल्या लोकांना कमीपणा वाटतो. वाटू नये.

आर-स्क्वेअरच्या मोठ्या आकड्यावर गाईड खूश होतील, त्यांना एक गोष्ट दाखवा: खानापूरकडचा, जांबोटीच्या बाजूचा पावसाळी ऊस आणि अथणीचा काळ्या रानातला ऊस एका फाइलीत घातला तर आर-स्क्वेअर आपोआप चढेल, कारण टनेजचा विस्तारच वाढला. चूक टनात तेवढीच राहील. म्हणून वेगवेगळ्या भागांतल्या दोन अभ्यासांचे आर-स्क्वेअर शेजारी ठेवून कुठलं मॉडेल सरस ते ठरवू नये.

पी-व्हॅल्यूबद्दल गाईडशी वाद घालण्यापूर्वी त्यांचा प्रश्न वेगळा आहे हे ध्यानात घ्या. त्यांना प्रबंधात ‘टनेजवर कशाचा परिणाम होतो’ हे हवंय, कारखान्याला ‘टनेज किती येईल’. दोन प्रश्न, दोन मॉडेल, यात काही वावगं नाही. नत्राचा परिणाम सांगायचा असेल तर ऊससंख्या मॉडेलात घेऊ नका. नत्र फुटवे वाढवतं, फुटव्यांतून ऊससंख्या वाढते, तिच्यातून टनेज. मधला टप्पा बांधून ठेवलात तर नत्राचा परिणाम नाहीसा झालेला दिसेल आणि तुम्ही लिहाल की युरियानं काही होत नाही. भाकितासाठी मात्र हीच ऊससंख्या सगळ्यांत कामाची. परिणामाच्या मॉडेलातले घटक शेतीच्या समजुतीवरून आधी लिहून काढायचे आणि मग चालवायचं, मध्ये स्टेपवाइज आणायचं नाही. नऊ घटकांची ५१२ मॉडेल होतात. नऊही घटक निरुपयोगी आणि एकमेकांपासून स्वतंत्र असते तरी त्यातला निदान एक ०.०५ च्या आत येण्याची शक्यता ३७ टक्के. चाळून उरलेल्या घटकांपुढे छापलेली पी-व्हॅल्यू ही चाळण झाल्याचं जाणतच नाही.

प्लॉट कसे निवडलेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. रस्त्याकडेचे, प्रगतिशील शेतकऱ्यांचे असतील तर वरचं सगळं करूनही अंदाज चढाच येईल. कापणी प्रयोगांत प्लॉट यदृच्छेनं निवडायची शिस्त आपल्या देशात महालनोबिस, पानसे, सुखात्मे या मंडळींनी १९४० च्या दशकात रुजवली, आणि त्यातले सुखात्मे तर साताऱ्याकडच्या बुधचे. ऊसनोंदीच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून पुढच्या हंगामाचे प्लॉट काढा.

क्षेत्राचा रकानाही एकदा नजरेखालून घाला. आरटीसीवर (कर्नाटकातला सातबारा) १ एकर २० गुंठे असेल आणि कुणी एक्सेलमध्ये १.२० टाकलं, तर ते दीड एकराचं सव्वापेक्षाही कमी होतं आणि ६० टनांचा एकरी ४० ऐवजी ५० टन होतो. दशांशानंतरचा आकडा कुठंच ३९ च्या वर जात नसेल तर हेच झालंय असं समजा. तुमची चूक ५ टनांच्या आसपास आहे, तेव्हा तुमच्याकडे सगळीकडे तसं झालेलं नसावं. एखाद-दुसऱ्या गावात असू शकतं.

राहिलं ते आर आणि पायथन या सॉफ्टवेअरचे एआयसी जुळत नाहीत म्हणालात ते. काही हरकत नाही. कुणी चुकांच्या विचरणालाही एक गुणक मोजतं, कुणी नाही. कुणी स्थिर पदं धरतं, कुणी टाकतं. आरमध्येच एआयसीचं फंक्शन आणि स्टेपवाइजचं फंक्शन एकाच मॉडेलचे वेगळे आकडे देतात. त्याच ओळींवरच्या दोन मॉडेलांतला फरक सगळीकडे तोच येतो, तेवढाच वाचायचा. दोन्ही सॉफ्टवेअरचे आकडे एकाच कोष्टकात मात्र मिसळू नका. आणि गावागणिक तपासणीचं कोष्टक तयार झालं की गटप्रमुखांच्या अंदाजाच्या रकान्यासकट पाठवा, मग सेंद्रिय कर्बाचं नक्की ठरवू.